कंपनीची प्लेट परत दिली, आता इफ्टा आणि आयआरपी माझ्या नावावर : एजंट लावू की स्वतः करू?

तुम्ही विचारलंय ते असं : दोन वर्षं ट्रक एका कंपनीकडे लीजवर होता, प्लेट म्हणजे आयआरपीची नोंदणी त्यांची, डिझेलवरच्या कराचं खातं म्हणजे इफ्टा त्यांचा. आता स्वतःची अथॉरिटी (स्वतःच्या नावावर माल वाहायचा केंद्राचा परवाना) घेतलीय, बेस अमेरिकेतल्या ओहायोत. लोड बहुतेक पेनसिल्व्हेनियाचे, अधूनमधून खाली डॅलसपर्यंत. एक एजंट महिन्याला दीडशे डॉलरमध्ये सगळं 'बघून घेतो' म्हणतोय. द्यावेत का, की स्वतः जमेल?

जमतं. मी बारा वर्षं माझं मीच करतोय, आणि आता ओळखीतल्या सात-आठ ट्रकवाल्यांचंही बघतो. एका तिमाहीचा इफ्टा भरायला मला पाऊण तास लागतो. पण तो पाऊण तास पुरतो ते रोजची वही भरलेली असते म्हणून. आणि ती वही एजंट भरत नाही. स्टेअरिंगवर तुम्ही असता, राज्याची हद्द तुम्ही ओलांडता, पंपावर पावती तुमच्या हातात येते. दीडशे डॉलर देऊनही अवघड भाग तुमच्याकडेच राहणार असेल, तर तुम्ही नेमके कशाचे पैसे देताय ते आधी बघा.

आधी गोंधळ मिटवू, कारण तुमच्या प्रश्नात इफ्टा आणि आयआरपी एकात एक मिसळलेत. आयआरपी म्हणजे गाडीची नोंदणी. प्लेट एकच, ओहायोची, पण तिची फी तुम्ही ज्या-ज्या राज्यात जितके मैल चालवता त्या प्रमाणात वाटली जाते. इफ्टा म्हणजे डिझेलवरचा कर. तोही मैलांच्याच प्रमाणात वाटला जातो. ओहायोत दोन्हींची खिडकी वेगळी : इफ्टा टॅक्सेशन खात्याकडे, आयआरपी बीएमव्हीकडे, म्हणजे गाड्यांच्या नोंदणी खात्याकडे. शेजारच्या इंडियानात दोन्ही एकाच खात्याकडे आहेत. तिकडचे मित्र "एकाच ठिकाणी झालं" म्हणाले तर ते तुम्हाला लागू नाही.

माझ्या वडिलांचा ट्रक होता, कराडला. २०१० च्या आधीचं नॅशनल परमिट ज्यांनी बघितलंय त्यांना आठवत असेल : ज्या राज्यात गाडी घालायची त्या प्रत्येक राज्याच्या नावाने वेगळा डिमांड ड्राफ्ट. कर्नाटकचा वेगळा, गुजरातचा वेगळा. आई ते सगळे एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची. मग एकरकमी फी आली आणि ड्राफ्ट गेले. इथेही तसंच होतं. जुने ड्रायव्हर 'बिंगो प्लेट' म्हणून एक पाटी सांगतात, पुढे लावलेली, तिच्यावर राज्याराज्याचे स्टिकर. आयआरपी १९७३ पासून आहे, इफ्टा १९८३ मध्ये ॲरिझोना, आयोवा आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांनी सुरू केला, आणि १९९१ च्या केंद्रीय कायद्याने बाकीच्यांना १९९६ पर्यंत आत यायला लावलं. आज अलास्का आणि हवाई सोडून ४८ राज्यं आणि कॅनडाचे १० प्रांत दोन्हींत आहेत. फरक इतकाच की भारतात एकदा रक्कम भरली की सुटलो. इथे रक्कम मैल बघून ठरते आणि मैल तुम्ही सांगायचे असतात.

प्लेट आणि २२९०

लीज सोडताना प्लेट आणि कॅब कार्ड (गाडीत ठेवायचं नोंदणीचं कार्ड) कंपनीला परत करायचं, आणि परत केल्याची पोच लेखी घ्यायची. इफ्टाचे स्टिकर स्वतः खरवडून काढा. ते त्यांच्या परवान्याचे आहेत. तुमच्या ट्रकवर ते राहिले आणि वजनकाट्यावर कोणी बघितलं, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

नवीन आयआरपी खातं उघडताना पहिल्या वर्षी तुमच्या नावावर मैलांचा इतिहास नसतो. दोन वर्षं तुम्हीच चालवलंत, पण ते मैल कंपनीच्या खात्यावर गेलेत. मग राज्य आपल्याकडच्या सरासरीचा तक्ता लावतं आणि त्यावरून फी काढतं. त्यात तुम्ही कधी पायही न ठेवलेल्या राज्यांचे थोडे-थोडे पैसे दिसतील. भांडू नका, सगळ्यांचं तसंच होतं. बिल चार आकडी येतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा. दुसऱ्या वर्षापासून तुमचे खरे मैल धरले जातात, साधारणपणे मागच्या १ जुलै ते ३० जून या काळातले. आणखी एक : २०१५ पासून कॅब कार्डावर सगळी सदस्य राज्यं आपोआप छापून येतात. अचानक जॉर्जियाचा लोड मिळाला म्हणून धावत जाऊन राज्य 'ॲड' करावं लागत नाही. अजूनही काही एजंट त्याचे पैसे घेतात.

प्लेटसाठी फॉर्म २२९० चा शिक्का मारलेला शेड्यूल १, म्हणजे कर भरल्याचा पुरावा, लागतो. ५५,००० पौंड आणि वरच्या गाडीला हा केंद्राचा वार्षिक कर. ७५,००० च्या वर गेलात की ५५० डॉलर, म्हणजे ८०,००० ची प्लेट घेणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांना ५५०. त्याचं वर्ष जुलै ते जून. जुलैत गाडी रस्त्यावर असेल तर ३१ ऑगस्टच्या आत भरायचा. मध्येच सुरू केलीत तर पहिल्यांदा चालवलेल्या महिन्याच्या पुढच्या महिनाअखेरीपर्यंत, आणि कर उरलेल्या महिन्यांपुरताच. यासाठी तुमच्या स्वतःच्या धंद्याचा ईआयएन (धंद्याचा कर-नंबर) लागतो, सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही. आणि ईआयएन नवा कोरा असेल तर आयआरएसच्या (केंद्राच्या कर खात्याच्या) यंत्रणेत रुळायला पंधरवडा जातो. हे न कळल्यामुळे माझा एक मित्र भरलेला ट्रेलर घेऊन प्लेटची वाट बघत बसला होता. व्हीआयएन (गाडीचा ओळख-नंबर) टाकताना सतराच्या सतरा अक्षरं ट्रकच्या दारावरून वाचा, जुन्या कागदावरून नाही. आणि लक्षात ठेवा, व्हीआयएनमध्ये इंग्रजी ओ नसतो. गोल दिसतो तो शून्यच. एका अक्षराच्या चुकीने बीएमव्हीची खिडकी तुम्हाला परत पाठवते.

इफ्टाचं गणित

हे एकदा हाताने करून बघा. एकदा केलंत की कुठल्याही ॲपने काय चूक केली ते कळतं.

समजा एका तिमाहीत २४,००० मैल झाले. ओहायोत १५,०००, पेनसिल्व्हेनियात ९,०००. एकूण डिझेल ४,००० गॅलन, म्हणजे ॲव्हरेज गॅलनला ६ मैल. आता प्रत्येक राज्याचे मैल भागिले ६ : ओहायोत २,५०० गॅलन जळलं, पेनसिल्व्हेनियात १,५००. पण घेतलंत कुठे? ओहायोत ३,४०० आणि पेनसिल्व्हेनियात फक्त ६००, कारण पंपावरचा आकडा ओहायोत कमी दिसतो. ओहायोचा डिझेलकर गॅलनला ४७ सेंट, पेनसिल्व्हेनियाचा २०२४ च्या दराने ७४.१ सेंट. ओहायोत तुम्ही ९०० गॅलनचा कर जास्त भरलाय, ४२३ डॉलर परत येणं. पेनसिल्व्हेनियात ९०० गॅलनचा कर कमी पडलाय, ६६६ डॉलर ९० सेंट देणं. निव्वळ देणं २४३ डॉलर ९० सेंट. एक चेक ओहायोला द्यायचा, पुढची वाटणी ते आपापसात करतात.

यातूनच एक गोष्ट निघते जी नवीन माणसाला पटवताना माझा घसा बसतो. पंपावरचा स्वस्त भाव हा स्वस्त भाव नसतो. कर शेवटी मैल जिथे झाले तिथलाच लागतो, डिझेल कुठेही घ्या. म्हणून तुलना कर वजा करून करायची. ओहायोत बोर्डावर ३.९० आहे, त्यातून ४७ सेंट गेले, उरले ३.४३. हद्दीपलीकडे पेनसिल्व्हेनियात ४.१५ आहे, ७४.१ सेंट गेले, उरले ३.४०९. म्हणजे पंचवीस सेंट 'महाग' दिसणारं डिझेल दोन सेंटांनी स्वस्त आहे! लोक ओहायोतल्या यंग्जटाउनला रांग लावून टाक्या भरतात आणि तीन महिन्यांनी इफ्टाचं बिल बघून सरकारला शिव्या देतात. मीही पहिली दोन वर्षं त्या रांगेत होतो. आता राज्यांचे दर छापलेला कागद व्हायझरला लावलेला असतो. दर तिमाहीला बदलू शकतात, म्हणून दर तिमाहीला नवा छापतो.

तारखा : पहिल्या तिमाहीचा ३० एप्रिल, दुसरीचा ३१ जुलै, तिसरीचा ३१ ऑक्टोबर, चौथीचा ३१ जानेवारी. उशीर झाला की ५० डॉलर किंवा देण्याच्या १० टक्के, जे जास्त असेल ते. वर व्याज.

आणि मैल शून्य असले तरी फॉर्म भरायचाच. हे मी पैसे मोजून शिकलोय. एका वर्षी आई आजारी होती, ऑक्टोबरात गावी गेलो तो जानेवारीतच परतलो. ट्रक अंगणात उभा होता. चाक फिरलं नाही तर कर कसला, म्हणून चौथ्या तिमाहीचं रिटर्न भरलंच नाही. एप्रिलमध्ये टेनेसीच्या वजनकाट्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला, आत बोलावलं. अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली : इफ्टाचा परवाना रद्द. पत्रं आली होती, पण जुन्या पत्त्यावर. तिथेच तात्पुरतं परमिट काढेपर्यंत चार तास गेले, अपॉइंटमेंट हुकली, आणि लोड देणाऱ्या ब्रोकरने पुढचे दोन महिने फोन उचलला नाही. शून्याचं रिटर्न भरायला तीन मिनिटं लागतात. पत्ता बदलायलाही तेवढीच.

वही

मी अजूनही कागदाची वही वापरतो. फुलस्केप, आडवी. एका ट्रिपला एक ओळ नाही, एका दिवसाला एक पान. वर तारीख, ट्रकचा नंबर, निघालो कुठून, पोचलो कुठे, कुठल्या हायवेने. सकाळचा ओडोमीटर. मग प्रत्येक राज्याच्या पाटीला त्या वेळचा ओडोमीटर. थांबून लिहायचं असतं, गाडी चालवताना नाही. मी आकडा तोंडाने फोनवर रेकॉर्ड करतो आणि पुढच्या थांब्यावर उतरवून घेतो. रात्रीचा ओडोमीटर, आणि शेवटी बेरीज. राज्याराज्याच्या मैलांची बेरीज दिवसाच्या एकूण मैलांशी जुळलीच पाहिजे, आणि आज सकाळचा आकडा काल रात्रीच्या आकड्याशी. ऑडिटर सगळ्यात आधी हेच बघतो : मध्ये भोक आहे का.

भोकं कुठे पडतात तेही सांगतो. रिकामा परतलात ते मैल मोजायचे. ट्रेलर सोडून नुसता ट्रॅक्टर घेऊन दुरुस्तीला गेलात, तेही. रविवारी किराणा आणायला ट्रक काढलात, तेही. पैसे मिळाले का, हा प्रश्नच नाही. चाक फिरलं की मैल झाला.

'माझ्याकडे ईएलडी आहे, त्यात सगळं असतं,' असं तुम्ही म्हणाल. ईएलडी म्हणजे ट्रकमधलं नोंदयंत्र, त्याचा नियम ड्रायव्हरच्या तासांसाठी आहे, कर मोजण्यासाठी नाही. गाडी चालू असताना त्याला तासातून एकदा जागा नोंदवली की पुरतं. इफ्टाला जीपीएसचीच नोंद द्यायची असेल तर इंजिन चालू असताना निदान दर दहा मिनिटांनी जागा हवी. तासाभरात तुम्ही साठ मैल जाता, त्यात एखाद्या राज्याचा कोपरा सहज निसटतो. शिवाय खासगी कामासाठीचा पर्सनल मोड लावलात की ईएलडी मुद्दाम ढोबळ जागा लिहितो, आणि ते मैलही इफ्टात मोजायचे असतात. तुमच्या ईएलडीवाल्याला सरळ विचारा : दहा मिनिटांचा डेटा ठेवता का, किती वर्षं, आणि मी तुम्हाला सोडून गेलो तर तो मला देणार का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण अडखळतात.

पावत्यांचं : तारीख, पंपाचं नाव-पत्ता, किती गॅलन, कुठलं इंधन, भाव किंवा रक्कम, ट्रकचा नंबर आणि तुमचं नाव, एवढं दिसायला हवं. थर्मल कागदावरची शाई डॅशबोर्डच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडते. पंपावरून गाडी हलवण्याआधी फोटो. डेफचे (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचे) गॅलन डिझेलमध्ये धरू नका. दोन्ही एकाच पावतीवर येतात आणि हात घाईत असतो. रीफर (थंड ठेवणारा ट्रेलर) असेल तर रीफरच्या टाकीचं डिझेल वेगळ्या पावतीवर घ्या. त्याने ट्रक पळत नाही, म्हणून ते इफ्टात येत नाही. पावती हरवली तर गॅलन ॲव्हरेजमध्ये राहतातच, पण भरलेल्या कराचं श्रेय जातं. वरच्या उदाहरणात पेनसिल्व्हेनियाच्या ६०० गॅलनच्या पावत्या गेल्या तर ४४४ डॉलर ६० सेंट दुसऱ्यांदा भरावे लागतील.

इफ्टाचे कागद चार वर्षं ठेवायचे. आयआरपीची मुदत मात्र त्या मैलांवर काढलेल्या नोंदणीच्या वर्षापासून पुढे तीन वर्षं चालते, म्हणून मी सहा वर्षांच्या आतलं काहीच फेकत नाही. आईसारखी पेटी केलीय, फक्त प्लॅस्टिकची.

ऑडिट

राज्याने दरवर्षी सरासरी ३ टक्के खाती तपासावीत असा नियम आहे. म्हणजे आज ना उद्या नंबर लागू शकतो. कागद असतील तर तो दिवस कंटाळवाणा जातो, बस. कागद नसतील तर काय होतं ते माझ्या ओळखीतल्या एकाचं बघितलंय. त्याचा एजंट 'अंदाजे' भरत होता. सलग चार तिमाह्यांत ॲव्हरेज ६.५०, हिवाळ्यातही ६.५०, उन्हाळ्यातही ६.५०. खऱ्या ट्रकचं ॲव्हरेज असं वागत नाही, हे ऑडिटरला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. नोंदी पुरेशा नसतील तर तो ॲव्हरेज ४ वर आणतो किंवा सांगितलेल्यातून २० टक्के कापतो. वरचंच गणित ४ ने करा : ६,००० गॅलन जळलं असं धरलं जाईल आणि २४३ ऐवजी १,३८७ डॉलर देणं निघेल. एका तिमाहीचं. आयआरपीच्या बाजूने पहिल्या खेपेला फीच्या २० टक्के, दुसऱ्यांदा ५०, तिसऱ्यांदा १०० टक्के. एजंटने त्यातला एकही डॉलर भरला नाही, कारण परवान्यावर नाव त्याचं नव्हतं.

डॅलसच्या वाटेवर

तुम्ही सिनसिनाटी, लुइव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस असंच उतरत असणार. म्हणजे केंटकी लागतं, आणि ६०,००० पौंड आणि वरच्या गाडीला केंटकीत मैलांवरच्या कराचं केवाययू खातं वेगळं लागतं. मैलाला २.८५ सेंट, इफ्टाशी संबंध नाही. वजन प्लेटवरचं बघतात, त्या दिवशी ट्रेलर रिकामा होता ही सबब चालत नाही. इफ्टाच्या फॉर्मवरही केंटकीची दुसरी ओळ येते, सरचार्जची. तो पंपावर घेतच नाहीत, रिटर्नमध्येच भरायचा, म्हणून तिथे परतावा शोधू नका. न्यूयॉर्क, न्यू मेक्सिको, ओरेगन आणि २०२३ पासून कनेटिकट यांचेही असे आपापले मैलांचे कर आहेत. ओरेगन तर वजन-मैल कर घेतं आणि जड गाडीला डिझेलवर कर लावतच नाही. तिकडे जायची वेळ आली तर लोड घेण्याआधी खातं किंवा तात्पुरतं परमिट बघा. टेक्सासचा डिझेलकर २० सेंट, टेनेसीचा २७. या दोन्ही ठिकाणी बोर्डावरचा भाव लोभ दाखवतो. व्हायझरवरचा कागद बघा.

यूसीआर (राज्याबाहेर माल नेणाऱ्यांची नोंदणी) दरवर्षी, एक-दोन ट्रकला पन्नास डॉलरच्या आत. एमसीएस-१५० (केंद्राकडची तुमची माहिती ताजी करायचा फॉर्म) दर दोन वर्षांनी, फुकट. अथॉरिटी मिळाल्यापासून तुम्हाला रोज फोन येत असतील, गरुडाचं चित्र असलेली पत्रं येत असतील : 'शेवटची सूचना', 'आजच भरा'. तुमचा डीओटी (केंद्राच्या वाहतूक खात्याचा) नंबर आणि पत्ता सगळ्यांना उघड दिसतो, त्यावरून ही मंडळी पत्रं काढतात. फुकटच्या एमसीएस-१५० चे दोनशे डॉलर दिलेले लोक मला माहीत आहेत. साईटचा पत्ता डॉट गव्हने संपत नसेल तर कार्ड खिशातच राहू द्या.

आता दीडशे डॉलर. माझं मत : निदान पहिल्या चार तिमाह्या स्वतः करा. ओहायोत काही अडलं तर खात्याला फोन लावा. लाइन लागायला वेळ लागतो, पण माणसं नीट सांगतात. त्यानंतर घरी कोणाला वेळच नसेल, ट्रकचे दोन झाले असतील, तर खुशाल एजंट लावा. पण महिन्याला दीडशे म्हणजे तिमाहीला साडेचारशे, चार आकड्यांच्या भागाकारासाठी हे जास्त आहे. तिमाहीवर भाव ठरवा. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड तुमचाच ठेवा, पत्रं तुमच्या घरी येऊ द्या, आणि भरायच्या आधी त्याच्याकडून राज्यवार तक्ता मागवा. तक्त्यातल्या एकूण मैलांशी वहीतले दोन ओडोमीटर, तिमाहीच्या पहिल्या सकाळचा आणि शेवटच्या रात्रीचा, वजा करून ताडून बघा. पन्नास-शंभर मैलांचा फरक असेल तर विचारा. हजाराचा असेल तर एजंट बदला.